पानं काढायची की ठेवायची

आत्याला शेवटचं भेटायला गेले, तेव्हा मी तिच्यासाठी सफरचंदं घेऊन गेले होते. हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. तळेगावच्या स्टँडवर उतरले, हॉस्पिटलच्या रस्त्याला लागले, कोपऱ्यावर फळांची गाडी दिसली आणि मी काही विचार न करता एक किलो तोलून घेतली. आजारी माणसाकडे जायचं तर सफरचंद न्यायचं, असं आमच्या घरात सगळेच करतात. वॉर्डमध्ये पोचले तर तिच्या खाटेजवळच्या छोट्या कपाटावर तशाच चार पिशव्या आधीपासून होत्या. आत्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं, आतल्या स्टिकर लावलेल्या लाल फळांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू बी?" मग शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडे वळून सांगू लागली, "माझ्या दारात दोन झाडं हायेत सफरचंदाची. आन ही माझी भाची इकत घिऊन आली. कालेजात शिकती." त्या बाई हसल्या, आत्या हसली, हसताना तिला खोकला आला आणि मी पाण्याचा ग्लास शोधत राहिले.

निघताना तिनं मला जवळ बसवलं. "सोने, ऐक. ह्या साली पानं तुला काढायचीत. संक्रांतीच्या आत." मी म्हणाले, "आत्या, जानेवारीत पेपर आहेत गं माझे... बघते." ती म्हणाली, "बघ." एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी हॉस्टेलवर वडिलांचा, आप्पांचा फोन आला. "ये," म्हणाले आणि फोन ठेवला. आत्या गेली होती. गाडीत बसल्यावर मी तिचं ते "बघ" आठवायला लागले. त्यात राग होता का, कंटाळा होता, की नुसतं होतं तेवढंच होतं... अजून मला सांगता येत नाही.

पानं काढायची म्हणजे काय, हे मावळाबाहेरच्याच काय, आमच्या गावातल्या लोकांनाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. आत्या आप्पांची थोरली बहीण. संसार टिकला नाही म्हणून तरुणपणीच माहेरी आली आणि मग लोणावळ्याला एका बंगल्यात स्वयंपाकाला राहिली. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी ती वीसएक वर्षं रांधत होती. बंगल्याच्या मालकांनी कुठल्याशा रोपवाटिकेतून सफरचंदाची चार रोपं आणली होती. तीन 'अॅना' नावाच्या जातीची, चौथं 'डोरसेट गोल्डन'चं. या जातींना काश्मीरसारखी थंडी लागत नाही, थोडी थंडीही पुरते, म्हणून त्या आता सपाटीवरही बऱ्याच जणांनी लावल्या आहेत. पण बंगल्याच्या माळ्यानं खड्डे घेऊन रोपं लावली आणि लोणावळ्याच्या पावसानं ते खड्डे भरून टाकले. दोन अॅना कुजून गेली. उरलेली दोन रोपं आत्यानं भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन उकरली आणि मुरमाचा उंचवटा करून त्यावर बसवली. सफरचंदाला पाणी चालतं, पायाशी साठलेलं चालत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मेलेल्या दोन झाडांची मुळं तिनं हुंगून पाहिली होती, तेवढंच.

पुढे बंगला विकला गेला. नव्या मालकांना त्या जागी पोहण्याचा तलाव हवा होता. आत्यानं जाताना दोन्ही झाडं मागून घेतली, थंडीत फांद्या छाटून, मुळांना गोणपाट गुंडाळून टेम्पोत घातली आणि तिकोना किल्ल्याच्या पायथ्याला आमच्या घरी आणली. मी तेव्हा चौथीत होते. बघायला निम्मी आळी जमली होती. कुणीतरी म्हणालं, "आक्का, सफरचंदाला बरफ लागतो. हितं कुटनं आननार?" आत्या म्हणाली, "झाडच ठिवते की फ्रिजमधी."

त्या दोन्ही झाडांना तिनं ठेवलेली नावं होती. लाल गालाचं फळ देणारी ती 'आना' आणि दुसरी 'पिवळी'. पिवळीची फळं लहान, आम्ही पोरं तिला नावं ठेवायचो, पण आत्या तिचं जास्त करायची. पिवळीचं फूल उघडं असतानाच आनाचं उघडलं तरच मधमाश्या इकडचं तिकडे नेतात आणि आनाला फळ धरतं. अकरावीला मी सायन्स घेतलं, तेव्हा मोठ्या ऐटीत तिला सांगितलं की याला परागीभवन म्हणतात. ती म्हणाली, "त्याला नाव बी हाये व्हय."

आता पानांचं. थंड मुलखात हिवाळ्यात सफरचंदाची पानं आपोआप गळतात, झाड झोपतं आणि जागं होताना एकदम फुलतं. आमच्याकडची थंडी त्याला झोपवायला पुरत नाही. पानं तशीच हिरवी राहतात, मग चार फुलं आज, दोन पुढच्या महिन्यात, आणि आना फुलते तेव्हा पिवळी गप्प असते. म्हणून झाडाला मुद्दाम झोपवावं लागतं. मार्गशीर्षात पाणी तोडायचं आणि पौषात दोन्ही झाडांचं एकूण एक पान हातानं काढायचं. महिन्याभरात दोन्ही बरोबर फुलतात. मग लिंबाएवढी फळं झाली की प्रत्येक झुबक्यात एकच ठेवायचं, बाकीची खुडायची. त्या खुडलेल्या आंबट फळांची फोड आत्या आमटीत टाकायची, आमसुलाऐवजी. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आत फळं उतरायची. हे सफरचंद टिकत नाही, आठ दिवसांत मऊ पडतं. म्हणून ती लगेच मुरांबा करायची, थोड्या चकत्या पत्र्यावर वाळवायची. हॉस्टेलवर मी बरणी नेली की मुली विचारायच्या, कैरीचा का गं? मी हो म्हणायचे. मावळात सफरचंद होतं, हे पटवायला मला संकोच वाटायचा. का वाटायचा, तेही आता कळत नाही.

तिचे दिवस चालू असताना मी घरी होते. आप्पांनी त्या झाडांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. भात आणि म्हशी एवढंच त्यांचं. पण त्या दिवसांत ते रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बादली पाणी दोन्ही झाडांना घालायचे. घालून झालं की रिकामी बादली हातात धरून थोडा वेळ तिथेच उभे राहायचे. नेमकं तेव्हाच पाणी तोडायचं असतं, हे मला माहीत होतं. चार दिवस मी बोलले नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "आप्पा, पाणी नको घालू आता. आत्या या महिन्यात घालत नव्हती." ते म्हणाले, "तहानलं आसंल की गं." मी म्हणाले, तहानूच द्यायचं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपण काहीतरी वाईट बोललो असं मला वाटलं. संध्याकाळी त्यांनी बादली भरली नाही. पण झाडाजवळ जाऊन उभे राहिले.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी पिशवी भरत असताना आईला म्हणाले, पेपरांच्या मध्ये दोन दिवस सुट्टी आहे, तेव्हा येते आणि पानं काढते. आई भांडी लावत होती. म्हणाली, "वन्संनी नको म्हटलंय."

"मला तर काढ म्हणाली होती."

"मला म्हनल्या, यंदा झाडास्नी हात लावू नका. ऱ्हाऊ द्या तशीच. जायच्या आदल्या दिशी म्हनल्या."

म्हणजे माझ्यानंतर. ओट्यावरून आप्पा म्हणाले, "शेवटचा शबुद तोच खरा धरायचा," आणि विषय संपला. त्यांच्यासाठी संपला. मी हॉस्टेलवर आले, अभ्यासाला बसले आणि वहीत एकाखाली एक लिहीत गेले. झाडं थकली असतील म्हणून म्हणाली असेल. तापात म्हणाली असेल. पानं काढायला तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात लागू नये, असं वाटलं असेल. सगळ्यात शेवटी लिहिलं, की मी "बघते" म्हणाले म्हणून. मी पेपरांचं कारण सांगितलं आणि तिनं मला मोकळं केलं... तिच्याकडे दुसरं काय होतं कुणाला द्यायला? घर आप्पांचं, जमीन आप्पांची. तिनं एक काम मला दिलं आणि मी तारखा सांगितल्या. असं असेल तर पानं काढणं म्हणजे तिचं ऐकणं. पण ती मनापासून नको म्हणाली असेल, तर तेच काढणं म्हणजे ती गेल्यावर महिन्याच्या आत तिचा शब्द मोडणं. एका झाडाची पानं काढावीत, एकाची ठेवावीत, असंही मनात आलं. पण तसं केलं तर दोन्ही एकदम फुलणार नाहीत. अर्ध्या उत्तराची सोयच नव्हती. आमच्या घरात मी पहिली कॉलेजात गेले. वीजबिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळे कागद माझ्यापुढे येतात, आणि मी वाचून सांगते. हे मला वाचता येईना.

तिसरा पेपर झाला त्या संध्याकाळी मी घरी आले. सकाळी आत्याच्या ट्रंकेतून तिची शिवणाची कात्री काढली आणि आनाखाली उभी राहिले. आई दारात आली. "काय ठरलं मग?" म्हणाली. मी म्हणाले, "काही नाही ठरलं." आणि पहिलं पान कापलं.

पान ओढायचं नसतं. ओढलं तर देठाच्या बगलेतला डोळा सोलून निघतो, आणि फूल त्या डोळ्यातूनच यायचं असतं. लहानपणी मी घाईत पुष्कळ ओढली होती, तेव्हा आत्यानं माझा हात धरून दाखवलं होतं. पान कात्रीनं कापायचं, देठ झाडावरच ठेवायचा. मी फांदीफांदीनं कापत गेले. थोड्या वेळानं पाहिलं तर आई घरातली कात्री घेऊन पिवळीपाशी उभी होती. पदर खोचलेला. तिनं सुरुवात केली होती.

ऊन वर आलं तेव्हा ती आपणहून म्हणाली, "वन्सं त्या दिशी आनखी एक म्हनल्या व्हत्या. सोनीची परीक्षा हाये."

माझा हात थांबला. "मग हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

आईनं हातातली फांदी पुरी केली. मग म्हणाली, "परीक्षेचं त्याच म्हनल्या, का माजं मीच मनात धरलं... आता आठवंना बघ. लय ईचार केला. त्यांचा आवाजच आठवतू, बोलनं न्हाई."

मला तिच्यावर रागावता आलं नाही. आम्ही दोघींनी दुपारपर्यंत दोन्ही झाडं मोकळी केली. आप्पा शेतावरून आले, उघड्या झाडांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि खाली पडलेली पानं पाटीत भरून म्हशींपुढे टाकायला घेऊन गेले. शेजारच्या मावशींनी कुंपणावरून विचारलं, "वाळलं का गं झाड? आक्काच्या मागं गेलं म्हनायचं." आई म्हणाली, "न्हाई वो. झोपलंय."

याला आता अकरा दिवस झाले. परीक्षा संपवून मी घरी आले आहे. आपण बरोबर केलं का, हे मला कळलेलं नाही. झाडं फुलली तरी कळेल असं वाटत नाही. फुलं पानं काढल्यामुळे येतील. तिला ती हवी होती की नव्हती, हे काही फुलांवरून दिसणार नाही. आज सकाळी मी झाडांपाशी गेले. फांद्यांवर नुसते देठ उभे होते, सुकून तपकिरी झालेले. हे देठ झाड आपल्या सवडीनं सोडतं, त्याला घाई करायची नाही, एवढं आत्याचं मला पक्कं आठवतं. मी एका देठाला बोट लावलं, तर तो गळून तळहातावर आला. दुसऱ्याला लावलं. तो पडला नाही. मी त्याला तसाच राहू दिला.