कोठडीत तो घोरत होता

ती घरफोडी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. खरं तर घरफोडी म्हणून ती किरकोळच. खून, दरोडे, दंगली असं पुष्कळ पाहून मी निवृत्त झालो आणि ते सगळं फायलींसोबत मागं राहिलं. ही मात्र दुपारी जेवून जरा आडवा झालो की उठवून बसवते. बायको म्हणते, आता तरी स्वस्थ पडा. नाही पडता येत.

तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. उन्हाळा नुकताच लागलेला. मेडशीच्या पुढच्या एका गावात औषधांचं दुकान फुटल्याची खबर सकाळी आली. जाऊन पाहिलं तर मागच्या खिडकीची जाळी पात्यानं उचकटलेली. गल्ल्याला हात लावलेला नाही. चार्जिंगला लावलेला मोबाइलही जागेवर. गेली होती ती फक्त अंगदुखीवरच्या एका जालीम कॅप्सूलची पाकिटं.

"ह्या कॅप्सूल मी डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर देनं बंद केलं साहेब," दुकानदार म्हणाला. "लोकं नशेसाठी मांगून राह्यले."

म्हणजे चोर तलफेपोटी आला होता. असा चोर लांब जात नाही आणि फार लपतही नाही, त्याला तेवढी उसंतच नसते. पंचनामा आटोपून ठाण्यावर येतो न येतो तोच गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. वस्तीवर एक जोडपं ऊसतोडीहून परतलं होतं. त्यांच्या घरामागच्या उकिरड्यात रिकामी पाकिटं पडली होती.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. हिशेबात दोन माणसं नसतातच, एक हत्यार असतं. आणि कोयता कोणाचा म्हणून विचारलं की पुढं येतो तो नवरा. पाटलांनी नाव सांगितलं ते नवऱ्याचं, आम्ही लिहून घेतलं तेही नवऱ्याचंच. आम्ही दारात पोचलो तेव्हा तो बैलासाठी कुटार भरत होता. बायको आत चुलीपाशी होती. पाकिटं समोर धरताच त्यानं टोपलं खाली ठेवलं.

"म्याच केलं साहेब. चाला."

त्याला जीपमध्ये बसवून आम्ही घराची झडती घेतली आणि उरलेल्या सगळ्या कॅप्सूल जप्त केल्या. ठाण्यात त्याला समोर बसवलं.

"जाळी कशानं काढली?"

"कोयत्यानं."

"गोळ्या कशाला पाहिजेत तुला?"

"सवय लागली जी."

"कोणत्या रंगाच्या असतात?"

तो अडखळला. "पांढऱ्या."

कॅप्सूल लाल-पिवळ्या होत्या. हवालदार म्हणाला, नशेत कुठला रंग कळतोय साहेब! मला पटेना. चोर आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, मग पाया पडतो, तेव्हा कुठं कबुलीवर येतो. हा कोणी चढा आवाज न काढताच थेट कबुलीवर येऊन बसला होता. फुकटात मिळालेली कबुली मी कधीच गोड मानली नाही.

तरीही अटक केली, वैद्यकीय तपासणी केली, कोठडीत घातलं. नशेबाज आरोपी कोठडीत आला की ठाण्याला चैन नसते. माल तुटला की अंगाला घाम सुटतो, नाक गळतं, उलट्या होतात, माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतो. पहाऱ्यावरच्या शिपायाला मी बादली तयार ठेवायला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी पाहतो तर हा पठ्ठ्या पिठलं-भाकर खाऊन खुशाल घोरत पडलेला! मीच व्हरांड्यात येरझारा घालत होतो.

बाहेर कडुलिंबाखाली त्याची बायको बसली होती. डबा तिनंच आणला होता. एवढ्या उन्हात तिनं अंगभर शाल लपेटली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आरोपीची बायको रडायचीच, म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. पण रडणारी बाई जांभया देत नाही, आणि ही एकामागून एक जांभया देत होती. एवढ्यात महिला शिपाई माझ्याजवळ आली.

"सर, ते बाई सकायपासून सारखी संडासले जाऊन राह्यली. अंगावर काटा हाये तिच्या, हातपाय थरथरून राह्यले."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोठडीपाशी जाऊन मी त्याला हाक मारली.

"तुझ्या बायकोला दवाखान्यात न्यावं लागतंय. गोळी तिला लागते ना?"

तो ताडकन उठला. गज धरून उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"तिचं नाव नोका लिहू साहेब. मले राहू द्या आत."

"खोटं कसं लिहू?"

"मानूस जेलात गेला त वापस येते जी. लोकं चार दिवस बोलतात अन् इसरतात. बाईचं नाव ठान्यात लागलं त तिले कोनी दारात उभं करते काय?"

वस्ती मलाही ठाऊक होती. चिडून मी हवालदारावरच ओरडलो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

महिला शिपायासमोर तिनं सगळं सांगितलं. ऊस नवरा तोडायचा. मोळी बांधून, डोक्यावर घेऊन, फळीवरून ट्रकात चढवायची ती. बाळंतपणानंतर तिची कंबर धरली होती. बसली तर खाडा लागायचा, मजुरी कापली जायची. टोळीच्या मुकादमानं एक कॅप्सूल दिली आणि सांगितलं, ताकदीची आहे.

"घेतली का दुख पयालं जी," ती म्हणाली. "मंग एकीनं होयेना. घरी आल्यावर गोळी भेटेना त अंग मोडे. सासू म्हने, बाहेरचं लागलं. मले वाटे, मी मरून राह्यली. म्हून गेली मी खिडकीतून."

मुकादम पुढच्या हंगामाच्या जोड्या ठरवायला गावात यायचाच होता. आला तसा पंचांसमक्ष त्याच्या गाडीची झडती घेतली. सीटखाली कॅप्सूलची पिशवी निघाली. सील केली, औषध निरीक्षकांना बोलावलं, रीतसर गुन्हा नोंदवला.

"मी काय जहर देल्लं काय साहेब?" तो उलट मलाच विचारू लागला. "बाया थकतात. दवा देल्ली."

नवरा सुटला. घरफोडीच्या गुन्ह्यात बायकोचं नाव आलं, ते मला टाळता आलं नाही. जामीन झाला. वाशीमला उपचारासाठी नेलं तर व्यसनाच्या वॉर्डात बायांची सोयच नाही. बाळंतिणींशेजारी एक खाट मिळाली. तिथं तिनं सगळं सोसलं, आणि नवरा पायथ्याशी बसून राहिला. गोळी सुटली. मला फार आनंद झाला, ठाण्यात मी पेढे वाटले. नशेबाज म्हटलं की पोलीस पानटपरीमागची पोरं धरतो, तसा मीही धरत आलो होतो. राबणाऱ्या बाईला मुद्दाम नशा चारतात, ती का, तर तिनं बसू नये म्हणून, हे मला या तपासानं शिकवलं.

दिवाळीनंतर बंदोबस्ताहून परतताना रस्त्यात ऊसतोडीचा ट्रक भरताना दिसला. पत्रे, भांडी, कोंबड्या यांच्यात ती बसली होती. मी जीप थांबवली.

"तू कशाला निघालीस? इथं सोयाबीन होतं, तूर आहे. काम नाही का?"

"कोन लावते साहेब मले कामाले? मी वावरात आली का बाया आपले डबे उचलून दुसऱ्या धुऱ्यावर जातात." शेजारी बसलेल्या नवऱ्यानं मान खाली घातली.

"गोळी नाही ना घेणार?" मी विचारलं.

"नाई घेनार, तुमची शप्पथ," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "पन साहेब, मोळीचं वजन कमी झालं काय तिकडे?"

ट्रक सुरू झाला. तिची दाद मी कुठल्या ठाण्यात मागायची, ते मला आजही कळलेलं नाही.