विहिरीभोवतीचा हिरवा चौकोन

तमाम लहानथोरांस कळविण्यात येते की, प्रस्तुत इसमाने आपल्या साऱ्या नोकरीत हिरवी पेन्सिल एकदाच मनापासून चालवली. उपस्थितांनी कृपया शांतता राखावी.

काम माझं नकाशे तपासण्याचं. शेताचे प्लॉट पाडायचे असले की लेआउटचा नकाशा आमच्या टेबलावर येतो. मोकळी जागा किती सोडली, सांडपाणी कुठं जाणार, हे बघून मी फाइलवर शेरा मारायचा. मोकळ्या जागेची गंमत अशी की ती कधी धड ठिकाणी नसते. नाल्यात असते, विजेच्या तारांखाली असते, नाहीतर खडकावर. निलंगा रोडच्या एका नकाशात ती खडकाळ माळावर होती. वर माळ, माळाच्या पायथ्याला जुनी विहीर आणि विहिरीला खेटून खालच्या अंगाला सगळे प्लॉट.

हरकती मागवल्या तेव्हा एकच बाई आली. शेजारच्या तुकड्यात तिचं घर, दारात देवणी गाय आणि त्या विहिरीत पिढीजात हिस्सा. सगळे तिला आक्का म्हणत. अर्जबिर्ज काही नाही. चरवीच्या तोंडाला फडकं बांधून विहिरीचं पाणी घेऊन ती एसटीनं आली होती.

"आदी पिऊन बघा सायब, मग काय लिव्हायचं ते लिव्हा."

आम्ही सगळे प्यालो. शिपाई दोनदा प्याला.

"आक्का, साखर टाकलीय तुम्ही यात," मी म्हणालो.

"साखर? तुमच्या हापिसात आत्ताच च्या पिले की मी. साखर टाकायची रीत हितं शिकवा आदी."

सगळं ऑफिस हसलं. मग ती एकदम हळू बोलली, "टँकरच्या सालातबी ह्ये पाणी आटलं न्हाई. ह्ये नासलं तर मी आन् माजी गाय कुटं जावं?"

दुसऱ्याच दिवशी मी जागेवर गेलो. विहिरीच्या काठावर उभं राहून आक्कानं माळाकडं बोट केलं. "त्या तितं पडलेलं पाणी मुरमातून गाळून हितं येतंय. म्हून गोड हाय." वाक्य ऐकून टाळी द्यावीशी वाटली मला! हातवारे करत, तिचाच हेल काढत ते मी ऑफिसात म्हणून दाखवलं, घरी म्हणून दाखवलं, लातूरला मेव्हण्याच्या साखरपुड्यात तर दोनदा. लोक पोट धरून हसले. वाक्यात काय सांगितलं होतं तेवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

मी नकाशा परत पाठवला. मोकळी जागा माळावर नको, विहिरीभोवती हवी. विहीर वाचेल, पोरांना बाग मिळेल. प्लॉटवाल्या शेठनं कुरकुर करावी अशी माझी फार इच्छा होती, म्हणजे मला भाषण करता आलं असतं. गडी चारच दिवसांत नवा नकाशा घेऊन हसत हजर. विहिरीपाशी मोकळा चौकोन आणि तिथले प्लॉट वर माळावर. तो चौकोन मी स्वतःच्या हातानं हिरवा रंगवला आणि शेरा मारला: 'सबब विहिरीचे पाणी सुरक्षित राहील.' सबब! काय रुबाबदार शब्द आहे.

चार वर्षांनी त्याच रस्त्यानं जात होतो. वर माळावर घरांच्या रांगा. गटार तिकडं अजून पोचलेलं नाही, म्हणून प्रत्येक घरामागं संडास-मोरीचं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा. खाली माझी बाग. सिमेंटचे बाक, जाळी घातलेली विहीर आणि 'पाणी पिण्यास अयोग्य' असा पत्रा.

माळावरचं पाणी मुरमातून गाळून खाली येतं. माळ मोकळा होता तोवर तोच विहिरीची राखण करत होता. शेठला खडक विकता येईल की नाही अशी शंका होती. माझ्या शेऱ्यानं ती मिटली.

आक्का दारात बसली होती. खुंटा रिकामा.

"गाय कुठंय?"

"तिला आदी कळलं. बादली म्होरं ठिवली की वास घ्यायची आन् तोंड फिरवायची. धाडली देवणी गावाला, लेकीकडं."

मी तिला सगळं सांगितलं. मोकळी जागा कुणी हलवली, कशाला हलवली, आणि आधीचा नकाशाच बरा होता, हेही. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी हकीकत हातवारे न करता सांगितली. तिनं पदर नीट केला, मान हलवली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

हात पुढं करायला मला जरा वेळ लागला. तिला वेगळंच वाटलं असावं. ती पटकन बोलून गेली,

"प्या सायब, भिऊ नगा. इकतचं हाय."