ललिताबाईंनी शोधलेलं शून्य

ललिताबाई व्यवहार क्रमांक मोठ्याने वाचत. ब्लॉकचेन म्हणजे कुणालाही खोडता न येणारी डिजिटल नोंदवही; तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला आकडे-अक्षरं मिळून चौसष्ट अक्षरांचा लांबलचक क्रमांक मिळतो. आम्ही तो कधी नीट बघतही नसू. बाई मात्र स्क्रीनवर बोट ठेवून, हजेरी घ्यावी तसं एकेक अक्षर घेत. त्या मूल गावच्या, तलावात मासे धरणाऱ्या घरातल्या. चंद्रपूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या टेस्टिंग करायच्या.

जंगलातल्या गावांचे वनहक्काचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायचं आमचं काम होतं. चाचणीसाठी एक टूल होतं, कॉम्प्युटरवरच नकली ब्लॉकचेन उभी करणारं. नोंद पाठवली की ती खरंच पोचली का, हे आमचा प्रोग्रॅम क्रमांकावरून तपासायचा; त्यात मधूनच एखादी नोंद 'सापडली नाही' असं यायचं. पुन्हा चालवलं की सापडायची.

"टूलचीच गडबड आहे, बाई. ती तपासणी बंद करू. सोमवारी भामरागडला दाखले नोंदवणं सुरू करायचंय," मी म्हणालो.

"काऊन बंद कराची, भाऊ? उद्या खरंच एखादी नोंद गेली, त कोनाले समजन? मानूस नदी पार करून येईन, अन् त्याले सांगाचं का, तुमचा दाखला नाई?"

बाईंनी दोन दिवस न सापडलेल्या नोंदींचे, टूलने दाखवलेले क्रमांक वहीत उतरवले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या ओरडल्याच, "भाऊ, या इकडे! हा त्रेसष्टच हाये! हाबी त्रेसष्ट! एक अक्षर कुठी गेलं?"

जेवणाचे डबे तसेच टाकून आम्ही धावलो. आमच्या प्रोग्रॅमने काढलेला क्रमांक शेजारी लावला. तो शून्याने सुरू होत होता, आणि टूल ते पहिलं शून्य गिळत होतं! पुन्हा चालवलं की क्रमांक बदलायचा, सुरुवातीला शून्य नसायचं, म्हणून नोंद सापडायची. मी टूलमध्ये दुरुस्ती केली. चाचणी चालवतच राहिलो. दर वेळी हिरवी, म्हणजे पास! बाई खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होत्या. तपासणी अर्थातच राहिली.

सोमवारी बाई आणि मी भामरागडला पोचलो. पहिलाच दाखला एका आजींचा. नोंद जाता जाता नेटवर्क गेलं, आणि परत आल्यावर स्क्रीनवर आलं, 'सापडली नाही'. या वेळी दोष द्यायला टूल नव्हतं. नोंद खरोखरच पोचली नव्हती. तपासणी मी बंद केली असती, तर आजी रिकाम्या हाताने, आणि तेही न कळता, घरी गेल्या असत्या.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नोंद पुन्हा पाठवली, सापडेपर्यंत नजर हलवली नाही.

"झालं का, बाई?" आजींनी विचारलं.

ललिताबाई हसल्या. "आता झालं, आजी. आता तुमाले कोनी नाई म्हनू शकत नाई."