बारा बरण्या ऊन

जळगावच्या उन्हाला शिव्या न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गावच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. वैशाखात कुत्रीसुद्धा गटारात पोट टेकून पडत, तेव्हा नाना टोपी काढून रस्त्याच्या मधोमध चालत आणि दोन्ही बाजूंना सावलीला बसलेल्यांकडे कीव आल्यासारखे बघत. "फुकट चाललंय हो सगळं! पौषात हेच मागाल, तेव्हा आणायचं कुठून?" लग्नाच्या पंगतीत मांडव जिथे फाटलेला असेल, तिथं त्यांचं पान.

देश स्वतंत्र होऊन चारपाच वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी ऊन साठवायचं मनावर घेतलं. साधन काय, तर मोरचूद. शेतकरी फवारणीला वापरतात तो निळा खडा. मला म्हणाले, "भाऊ, ह्याच्या पोटात पाणी असतं. तापवून ते हाकलायचं, की खडा पांढरा पडतो. मग कधीही पाणी पाजा, खाल्लेलं ऊन परत देतो. तोवर हवेतली ओल तेवढी लागू द्यायची नाही. ओल लागली की गुपचूप पिऊन बसतो लेकाचा." ते इतकं मोरचूद नेत की मारवाडी दुकानदाराला राहवेना. "मास्तर, बाग तर दिसत नाही तुमची. फवारता कोणाला?" न्हाव्यांकडचे डाग पडलेले आरसे गोळा करून नानांनी ते घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, लोखंडी तव्याभोवती मांडले. तवा तापला खरा. पण एका आरशाची तिरीप टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांत गेली आणि घोडा सवारीसकट हलवायाच्या दुकानात शिरला. नाना वरून ओरडले, "बघितलीत ताकद?"

ह्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी अक्का होत्या, त्यांच्या पत्नी. थंडीत अक्कांची बोटं आखडून जायची, आणि शेकायला चुलीपाशी बसावं तर धुरानं दमा उठायचा. हिवाळाभर भाकऱ्या नानाच थापत. त्या भाकऱ्यांचा आकार कुठल्याच देशाच्या नकाशात बसला नसता. त्यांना अक्कांच्या हातात धूर नसलेली ऊब द्यायची होती, एवढंच.

उन्हाळाभर खपून त्यांनी चिनी मातीच्या बारा बरण्या भरल्या, झाकणांवर मेण ओतलं. पावसाळ्यात त्यांचं धाबं गळायचं, म्हणून बरण्या माझ्या घरी आणून ठेवल्या. "मेण फोडू नका, भाऊ. बाकी काही नाही."

मी फोडलं. श्रावणात धुळ्याहून मेहुणे आले होते. त्यांना हसवायला म्हणून मी एक बरणी उघडली, चमचाभर पांढरी पूड वाटीत घेऊन वर पाणी घातलं. वाटी अशी तापली की मेहुण्यांनी हात झटकला. "अरे, मास्तर तर जादूगार निघाला तुमचा!" मग जो पाहुणा येईल त्याला मी नानांचं ऊन दाखवू लागलो, आणि दर वेळी नवी बरणी, कारण मेण फोडण्यातच मजा. झाकणं नुसती लावून ठेवली. पुढचं काम पावसाळी हवेनं केलं. नानांनी बरण्या मागितल्या, तेव्हा मी मेणबत्ती वितळवून अकरा झाकणांवर पुन्हा ओतली. सफाईदार ओतली.

पौषात अक्का शालीतून हात काढून बसल्या. पहिली बरणी नानांनी स्वतः उघडली. आत निळं. दुसरी, तिसरी, चौथी, निळी. पाणी घातलं तर पाण्यासारखंच थंड. मेण शाबूत होतं, मग दोष मोरचुदाचाच. नाना बराच वेळ बोटानं ती पूड चाळवत राहिले. "नाही टिकत हो ऊन. चूक माझीच. बाकीच्या बरण्या राहू द्या तुमच्याकडे. लोणचं मात्र घालू नका, विष आहे ते."

उरलेल्या आठांत एक मी कधी उघडलीच नव्हती. कोणती, ते मला ठाऊक होतं. हात लांबवला असता तर सापडली असती. पण ती पांढरी निघाली असती, तर बाकीच्या निळ्या का, हे सांगावं लागलं असतं. मी आठही बरण्या उचलून घरी नेल्या. पुढच्या उन्हाळ्यात नाना छत्री घेऊन शाळेत आले. गावाला हसू आलं. मला आलं नाही.

नाना गेले. अक्का धुळ्याला मुलीकडे राहायला गेल्या. परवाच्या पौषात ती बारावी बरणी घेऊन मी धुळे गाठलं. अक्कांसमोर मेण फोडलं. इतक्या वर्षांनीही आत पांढरंशुभ्र. पाणी ओतून बरणी त्यांच्या हातांत दिली.

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर ते म्हनेत, ऊन टिकत नही."

"टिकतं, अक्का," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. मेहुणे, मेणबत्ती, सगळं. त्या बरणी निवेपर्यंत छातीशी धरून बसल्या. बोटं थोडी सैल झाली होती.

मग बरणी माझ्यापुढे करून म्हणाल्या, "आखो शे का, भाऊ?"

आणखी नव्हतं.