झाकण कुरतडून आलेली

सुमनताईंनी मधपेटीतली चौकट उन्हात धरली. मेणाच्या एका झाकणाला आतून भोक पडलं होतं आणि त्यातून आतल्या नव्या माशीच्या दोन मिशा हलत होत्या. गेल्या मोसमात याच पेटीतल्या अळ्या रोगाने मेल्या होत्या. पेटी जाळून टाका, असं सगळे सांगत होते. ताईंनी ऐकलं नाही.

मदत म्हणून मी काडी पुढे केली, तर ताईंनी माझा हात धरला. "तिचं तिला कुरतडू द्या."

त्या बंद, अंधाऱ्या घरात किती उलथापालथ झाली असेल! अळीचं बरंचसं अंग विरघळलं. त्यातल्याच प्रथिनांतून पंख झाले, डोळे झाले, रोगाशी झुंजायची ताकदही नव्याने घडली. आपण दुखण्यातून उठलो की पुन्हा पहिल्यासारखे व्हायला बघतो. हिने पहिलं रूप ठेवलंच नाही.

माशी बाहेर आली. फिकट, लवदार, लटपटती. थोडा वेळ थांबून तिने अंग सावरलं आणि मागे वळून रिकामं घर साफ करायला घेतलं.

"लागली कामाला," ताई म्हणाल्या.

शेजारच्या झाकणांनाही आता भोकं पडू लागली होती.