मिनिटाला चौतीस

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात अंजनी अकरा वर्षं ओव्हरलॉक शिलाई मशीनवर बसत होती. ऐकून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे सुपरवायझर बबनचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून वाकडं. मार्चमध्ये ती दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा त्याला आयतंच निमित्त सापडलं.

"नाटकं घरी करा, बाई. इथे माल जायचाय."

"आधी पाणी दे, मग भुंक," अंजनी जमिनीवरूनच म्हणाली.

अंबरनाथला घरी नवरा संतोषनेही मनावर घेतलं नाही. "उपासाने येते चक्कर. तो बंद कर. आणि तोंडपण."

तिसऱ्यांदा ती जिन्यात कोसळली. कपाळाला खोक पडली. पदर दाबून धरत ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर ऋतिकाने जखमेवर पट्टी बांधली, नाडी धरली आणि तडक ईसीजी काढला.

"ताई, मिनिटाला चौतीसच ठोके! चालत कशा आलात?"

"रिक्षाने आले."

ऋतिकाने कागदावर हृदयाचे चार कप्पे काढले. वरच्या उजव्या कप्प्यात एक ठिपका दिला. "इथून वीज सुटते. वरचे दोन कप्पे आवळतात. मग ती मधल्या गाठीत क्षणभर थांबते आणि बारीक तंतूंतून खालच्या दोन कप्प्यांना जाते. तुमची मधली वाट बंद झालीय. वरचे ऐंशीने चाललेत, खालच्यांना निरोपच नाही. ते आपले आपण कसेबसे चालतात. थांबले की तुम्ही पडता."

"म्हणजे नाटक नव्हतं?"

"अजिबात नाही."

"मग तसं लिहून द्या. मराठीत."

दोन दिवसांनी मोठ्या रुग्णालयात तिच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला. संतोष शहाळं घेऊन आला, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दीड महिन्याने तिने डॉक्टरची चिठ्ठी बबनच्या टेबलावर आपटली. "वाच. मोठ्याने."

आजूबाजूची मशीनं थांबली. बबनने चिठ्ठी मनातच वाचली आणि हसला. "बॅटरी बसवलीत ना? आता डबल माल निघेल."

अंजनीने आपली कात्री उचलली, पिशवीत टाकली आणि सगळ्यांदेखत बाहेर पडली. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यात तिसऱ्या दिवशी तिला मशीन मिळालं.

बबन वाटेत दिसला की ती थुंकते. संतोषशी कामापुरतं बोलते.