ओठाला घास लावणारे मास्टरजी

नवा पदार्थ पुढे आला की मास्टरजी त्याचा शेंगदाण्याएवढा तुकडा मोडायचे, खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकवायचे आणि डोळे मिटून गप्प बसायचे. बराच वेळ. कचोरी गार व्हायची, चहावर साय धरायची, वाढणारीचा जीव टांगणीला लागायचा. मग डोळे उघडून म्हणायचे, "ख़तरा नहीं है।" आणि असे तुटून पडायचे की बघत राहावं.

आमच्या गल्लीत सुरुवातीला सगळ्यांची खात्री होती की ही जपानी प्रार्थना आहे. समोरचे वकीलसाहेब तर मास्टरजींचे डोळे मिटले की स्वतःही हात जोडायचे. मलाही तेच वाटायचं, खोटं कशाला बोलू? आज ते आठवून हसू येतं, पण पुरतं येत नाही.

मी मूळची अकोल्याची. नवऱ्याची विमा कंपनीत जयपूरला बदली झाली आणि आम्ही वैशाली नगरात आंटीजींच्या घराचा पहिला मजला भाड्याने घेतला. तळमजल्यावर घरमालकीण आंटीजी एकट्याच. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला. आणि गच्चीवरच्या खोलीत मास्टरजी. हे गृहस्थ जपानहून येऊन इथल्या एका शिकवणीत मुलांना जपानी शिकवायचे. जपानात नोकरी करायची म्हणून येणाऱ्या मुलांची रांग लागलेली असायची. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने काडी, आणि हिंदी अशी पुस्तकी की भाजीवाला त्यांना वाकून नमस्कार करायचा. "भैया, कृपया आधा किलो टमाटर दीजिए, मैं आभारी रहूँगा।" आता याच्याशी भाव करणार कोण?

परक्या देशात माणूस काय काय खातो हे मी मास्टरजींकडे बघून शिकले. तशी जयपूरला मीही परकीच होते म्हणा. केर-सांगरीची भाजी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, बाई अंगणातल्या काड्या झाडून फोडणीला टाकते की काय! मास्टरजींनी मात्र ती ओठाला लावली, डोळे मिटले, आणि दोन वाट्या संपवल्या. घेवर म्हणजे जाळीदार मिठाई, ती हातात धरून तिच्या भोकांतून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं होतं. बाजरीची राबडी पिऊन म्हणाले, "यह भोजन है या पेय?" आंटीजी म्हणाल्या, "दवा है।" तेव्हापासून ते उन्हाळाभर ती औषध म्हणूनच प्यायचे, नाक धरून.

मीही मागे कशाला राहू? पाटवडीचा रस्सा केला, आमच्याकडचा, झणझणीत. मास्टरजींचा घाम नाकावरून ताटात पडत होता, पण पठ्ठ्या उठला नाही. "भाभीजी, ख़तरा है, परंतु मृत्यु नहीं है।" अव माय, किती हसलो होतो आम्ही सगळे.

मृत्यूची गोष्ट त्यांनी आम्हाला ते राहायला आल्यावर आठवड्याभरातच सांगितली होती. जिन्यात उभं राहून, आंटीजी आणि मी दोघीही असताना. त्यांना सगळं खाता येतं, फक्त सोबा नाही. सोबा म्हणजे काय? त्यांनी दोन बोटांनी काल्पनिक शेवया उचलून सुर्रकन तोंडात ओढून दाखवल्या. "काला नूडल। थोड़ा भी खाया तो मैं मर जाता हूँ।" लहानपणी दोनदा दवाखान्यात मरतामरता वाचले होते. म्हणून तो ओठाचा उद्योग. ओठ चुरचुरला तर थुंकायचं, नाही तर खायचं. प्रार्थना वगैरे काही नव्हतं, त्या माणसाला फक्त जगायचं होतं.

आंटीजींनी हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. घरातून शेवया हद्दपार झाल्या. चाऊमीनची गाडी आमच्या फाटकासमोर लागायची, ती त्यांनी भांडून पार चौकात घालवली. माझी लेक एकदा शिजवलेल्या नूडल्स वाटीत घेऊन जिना चढली तर आंटीजी ओरडल्या, "अरे, आदमी मारेगी क्या!" पोरगी रडायला लागली. आंटीजींचं माणूस एकदा आपलं झालं की झालं. मास्टरजींचा डबा, नाश्ता, रविवारचं जेवण, सगळं खालून जायचं.

फक्त एक गोष्ट त्यांना सलायची. वर्ष होत आलं तरी मास्टरजी त्यांच्या हातचा नवा पदार्थ ओठाला लावून बघायचे. एकदा भांडी आवरताना मला म्हणाल्या, "इतने दिन हो गए, बेटा कहती हूँ, और वो मेरा खाना जाँचता है।" मी समजूत काढली, की हा संशय नाही, सवय आहे. पण बाई हिरमुसली ती हिरमुसलीच.

आणि मग ते नवरात्र आलं.

आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, भगर, राजगिरा, फार तर शिंगाड्याचं पीठ. जयपूरला उपासाला कुट्टूचं पीठ खातात. मी ते नावसुद्धा इथे येईस्तोवर ऐकलं नव्हतं. काळपट पीठ, उकडलेला बटाटा घालून मळतात आणि पुऱ्या तळतात. आंटीजी नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून नऊ दिवसांचं व्रत करायच्या. मुलीच्या बाळंतपणात मोडलं नाही, नवरा गेला त्या वर्षीही मोडलं नाही.

त्या दुपारी त्यांच्या बहिणी-भावजया आल्या होत्या. भजनं झाली, पानं मांडली. मास्टरजी शिकवणीतून आले, तर त्यांनाही हाताला धरून बसवलं. पानात गरम काळपट पुरी पडली. त्यांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, "इसमें कौन-सा अन्न है?" आंटीजींची बहीण म्हणाली, "अन्न कहाँ, व्रत में अन्न थोड़े खाते हैं! फलाहारी है।" तिच्या लेखी अन्न म्हणजे गहू-तांदळासारखं धान्य, उपासाला चालतं ते अन्नात धरायचंच नाही. मास्टरजींनी तुकडा मोडला, ओठाकडे नेला. तेवढ्यात तीच बहीण हसून म्हणाली, "हाय, यह तेरे हाथ का खाना परखता है?" सगळ्या बायका हसल्या. आंटीजीही हसल्या, पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. मास्टरजींनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठाजवळ गेलेला हात थांबला. मग तो तुकडा, आणि त्यामागून अख्खी पुरी, त्यांनी सरळ तोंडात घातली. "आंटीजी के घर का है," एवढंच म्हणाले.

सांगते, मला तेव्हा फार बरं वाटलं. आंटीजींचे तर डोळे भरून आले. त्यांनी आणखी वाढलं. कुट्टूचं पीठ म्हणजेच सोबाचं पीठ, एकाच दाण्याचं, हे त्या खोलीत एकालाही माहीत नव्हतं. आम्ही वर्षभर शेवयांवर पहारा देत बसलो आणि पीठ डब्यात होतं.

बायका अजून निघायच्या होत्या तेव्हाच मास्टरजी उठले. आधी मान खाजवत होते, मग दंड. गळ्यावर गांधी उठल्या होत्या. जिन्याकडे निघाले आणि चौथ्या-पाचव्या पायरीवरच बसले. ओठ सुजून पालथे झाले होते. त्यांना बोलायचं होतं, पण आवाजाच्या जागी शिटीसारखं काहीतरी येत होतं. एक हात गच्चीकडे, एक हात मांडीवर. वर, मांडी. वर, मांडी. मला कळेना. "सुई," ते कसंबसं म्हणाले. "बैग।"

मी धावले. एवढी नीटनेटकी खोली मी जन्मात पाहिली नव्हती आणि त्या क्षणी त्या नीटनेटकेपणाचा मला असा संताप आला! एकसारख्या तीन बॅगा ओळीने. त्यांवर जपानीत काहीतरी लिहिलेलं. कुठली घेऊ? तिन्ही उचलल्या आणि खाली आणून जिन्यात उलट्या केल्या. कपडे, पुस्तकं, औषधं, सगळं पायऱ्यांवरून घरंगळलं. मास्टरजींनी त्यातून एक पिवळी नळी उचलली, टोपण काढलं आणि पायजम्यावरूनच मांडीत खुपसली. आंटीजी किंचाळल्या. मीही किंचाळले असेन.

पुढे हॉस्पिटल. ते काही लांब नाही, पण गल्लीच्या तोंडाशी जागरणाचा मांडव घातलेला, गाडी निघेना. वकीलसाहेब आणि माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातून नेमका आलेला शिपाई, दोघांनी मास्टरजींना उचलून मांडवातून पलीकडे नेलं. तिथे ई-रिक्षा मिळाली. आंटीजी अनवाणीच चढल्या. ई-रिक्षा ती, किती पळणार! मी ड्रायव्हरच्या पाठीवर थापा मारत होते, "भैया, चलो ना, चलो ना!" मास्टरजींच्या छातीतून येणारी शिटी बारीक होत चालली होती. आवाज येतोय तोवर माणूस आहे, एवढंच मला कळत होतं, म्हणून मी कान देऊन बसले होते. आंटीजी त्यांचं डोकं छातीशी धरून देवीचं नाव घेत होत्या. नाव घेत नव्हत्या, भांडत होत्या तिच्याशी.

डॉक्टरांनी पडद्याआड नेलं. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाले, सुई वेळेवर घेतली म्हणून निभावलं, आता धोका टळलाय, पण नजरेखाली ठेवू. मग विचारलं, खाल्लं काय होतं? आंटीजी म्हणाल्या, कुट्टूची पुरी. डॉक्टरांनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. काळपट शेवयांचा वाडगा. "जापान में इसी आटे के नूडल बनते हैं।" आंटीजींनी ते चित्र पाहिलं आणि हॉस्पिटलच्या फरशीवर मटकन बसल्या.

मास्टरजी घरी आले तेव्हा नवरात्र संपलं नव्हतं. आंटीजींनी कुट्टूच्या पिठाचा डबाच्या डबा कचरागाडीत टाकला होता, कढईसुद्धा टाकली होती, आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. मास्टरजींसाठी एका खानावळीचा डबा लावून टाकला. तो डबा सकाळी यायचा आणि तसाच परत जायचा. मी पोहे घेऊन वर गेले तर मास्टरजींनी हात जोडले. "भाभीजी, आपसे नाराज़ नहीं हूँ। लेकिन नीचे से आएगा तो खाऊँगा।" आता याला काय म्हणायचं? मरता मरता वाचलेला माणूस, आणि हट्ट बघा.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर मास्टरजी आंटीजींच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पायरीवर बसलेले. मांडीवर स्टीलची रिकामी थाळी.

"आंटीजी, भूख लगी है।"

आतून आवाज आला, "ऊपर डब्बा आया हुआ है।"

"डब्बे वाले को नहीं पता मैं किस चीज़ से मरता हूँ। आपको पता है।"

 मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच खालच्या पायरीवर बसले. मग आंटीजी बोलल्या, रडत आणि चिडून. "मेरे हाथ से तेरी जान जाते-जाते बची। नहीं खिलाऊँगी। कभी नहीं।"

मास्टरजी दाराकडे तोंड करून म्हणाले, "तो मुझे जापान लौटना पड़ेगा। परंतु वहाँ सोबा हर गली में है। यहाँ केवल एक डिब्बे में था, वह आपने फेंक दिया।"

मला हसू फुटलं, काय करू! आणि दाराची कडी निघाली. आंटीजींनी आमच्या दोघांकडे न बघता फुलके लाटले, मुगाचं वरण केलं. मीठ-हळदीशिवाय त्यात काही नव्हतं. ताट मास्टरजींपुढे ठेवलं आणि समोर बसल्या. बसल्या म्हणजे काय, त्यांच्या ओठांवर, गळ्यावर नजर रोखून बसल्या. 

मास्टरजींनी हात मागे घेतला. "आप इतना डर के देखेंगी तो मेरे गले से नहीं उतरेगा।"

 आंटीजींनी हात पुढे केला, मास्टरजींच्याच ताटातल्या फुलक्याचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. गव्हाचा. नवरात्रात. मी म्हणाले, "आंटीजी, व्रत!"

"देवी माँ से मैं बात कर लूँगी," त्या चावत म्हणाल्या. "तू खा, बेटा।"

मास्टरजी जेवले. ताट पुसून जेवले. आंटीजीही त्याच ताटात जेवल्या.

होळीनंतर त्यांच्या आईची तब्येत बिघडली म्हणून मास्टरजी जपानला गेले, ते काही परत आले नाहीत. आई अंथरुणाला खिळली आहे, मुलगा एकुलता एक. कधीतरी व्हिडिओ कॉल येतो. आंटीजी फोन डोळ्यांपासून लांब धरून पहिला प्रश्न विचारतात, आज काय खाल्लंस, आणि उत्तर ऐकून घेतल्याशिवाय पुढचं काही बोलूच देत नाहीत. मला त्या माणसाची फार आठवण येते. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की त्यांच्या खोलीच्या कुलपाकडे बघवत नाही.

यंदा घटस्थापनेला मी खाली गेले तर आंटीजी ताटात वरण-फुलका घेऊन बसल्या होत्या. मी दारातच थांबले. त्या म्हणाल्या, "अब नहीं होता मुझसे, बेटी। भूखी बैठती हूँ तो वही रिक्शा याद आता है।"

आणि त्यांनी ताट जरा माझ्याकडे सरकवलं. माझाही त्या दिवशी उपास होता. मी बसले, फुलक्याचा तुकडा मोडला आणि खाल्ला.